दहा ते पावणेसहा

आमचे घरमालक वाक्याच्या मधोमध झोपायचे. "पाण्याची मोटर सकाळी सहाला..." एवढं बोलून मान खाली, डोळे मिटलेले आणि घशातून करवत चालल्याचा आवाज. मी नवीन होते तेव्हा घाबरून काकूंना हाक मारणार, तेवढ्यात त्या आतूनच म्हणाल्या, "थांब गं जरा, येतात परत." आणि खरंच की! दोन मिनिटांनी मान वर झाली आणि "...सुरू होते आणि साडेसहाला बंद होते, सबब नंतर तक्रार चालणार नाही," असं वाक्य जिथे टाकलं होतं तिथूनच त्यांनी उचललं. झोपलो होतो हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. "मी विचार करत होतो," म्हणायचे.

विश्रांतवाडीत त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिले. खराडीला नोकरी, काम सॉफ्टवेअर तपासायचं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना लेखी कळवायच्या. स्वभाव माझा आधीच खवचट, त्यात याच कामाचा पगार मिळायला लागल्यावर विचारूच नका. मला वाटायचं, माणसाला कागदावर पकडण्यात आपला हात कोण धरणार? मग मला हे काका भेटले.

काका एका सरकारी कचेरीत अधीक्षक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ती गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. हॉलच्या खिडकीशी एक टेबल, त्यावर पेनांचा डबा, टोचणीची उशी आणि दोरीने बांधलेल्या फायली. रोज सकाळी बुद्धमूर्तीसमोर दोघं नवराबायको वंदना म्हणायचे, पंचशील म्हणायचे, मग पोहे-उपमा काय असेल ते खायचं आणि बरोबर दहाला काका टेबलावर हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पावणेसहाला उठायचे. मधे दीड ते दोन जेवण. रविवारी टेबलाला हात लावायचा नाही, दुसऱ्या-चौथ्या शनिवारीही नाही. एकदा मी खोलीची दुसरी किल्ली मागायला संध्याकाळी सहाला गेले, तर ते सोफ्यावर बसून शेंगदाणे खात होते.

"उद्या दहानंतर या."

"काका, किल्ली मागे खिळ्याला दिसतेय."

"दिसतेय. कचेरी बंद आहे."

एका किल्लीसाठी मी अर्धा दिवस रजा टाकली, शप्पथ!

बोलण्यापेक्षा त्यांचा विश्वास टिपणीवर. माझ्या दाराच्या फटीतून कागद आत यायचा. "विषय : कढीपत्ता. संदर्भ : आपले दि. ४ रोजीचे तोंडी आश्वासन. कुंडीतील कढीपत्त्याची पाच पाने घेणार असे आपण कळविले होते. प्रत्यक्ष पाहणीत अकरा कमी आढळली. खुलासा करावा." मी खालीच लिहायचे, "आमटी मोठी होती." दुसऱ्या दिवशी शेरा यायचा, "खुलासा मान्य. पुनरावृत्ती नको." हसू यायचं, पण खरं सांगते, त्या कागदांची मला सवय लागली. ज्या आठवड्यात कागद आला नाही त्या आठवड्यात मी काळजीने खाली डोकावून यायचे.

त्यांचं ते वाक्याच्या मधे झोपणं मात्र गमतीचं नव्हतं. हे मला काकूंनी जिन्यात उभं राहून सांगितलं. काकू निवृत्त शिक्षिका, आवाज कधी चढायचा नाही. म्हणाल्या, "अगं, झोपेत ह्यांचा श्वासच थांबतो. घोरणं एकदम बंद होतं. मी मोजते. एक, दोन, तीन... वीसपर्यंत गेलं की कोपराने ढोसते. मग मोठा आचका देतात आणि परत सुरू."

"रोज?"

"रोज. रात्रभर. बारा वर्षं झाली."

"आणि काकांना माहीत आहे?"

"त्यांना वाटतं मला झोप कमी आहे. सांगून काय करायचं? लाजतील उगीच."

बारा वर्षं ही बाई नवऱ्याचे श्वास मोजत जागी होती आणि सकाळी उठून उपमा करत होती. मला त्या दोघांचाही राग आला, का ते सांगता येत नाही.

आता प्रश्न असा आला होता, की पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात त्यांची मुलगी राहायची आणि तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं. मोठ्याची शाळा तिकडेच, म्हणून तिने इकडे यायचं जमत नव्हतं. काकूंनाच दोन महिने जायला हवं होतं. पण मग इथे रात्री ढोसणार कोण? शेवटी काकूंनी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. एका रात्रीची तपासणी झाली, अंगभर वायरी लावून. डॉक्टर म्हणाले, झोपेत घसा मिटतो, हवा अडते, असं रात्रभर चालू आहे. हृदयावर ताण येतो, हे असंच सोडता येणार नाही. उपाय म्हणजे यंत्र. नाकावर मास्क, त्याला नळी आणि उशाशी ठेवलेल्या डब्यातून सारखी येणारी हवा. ती हवा घसा उघडा ठेवते.

"हे लेखी मिळेल का?" काकांनी विचारलं. डॉक्टरांनी लिहून दिलं.

यंत्र घरी आलं त्या दिवशी काकांनी नवी फाईल उघडली. पहिल्या आठवड्याची त्यातली नोंद मी वाचली आहे. "सोमवार : मास्कच्या कडेने हवा निसटून उजव्या डोळ्यात जाते. डोळा रात्रभर उघडा. मंगळवार : पट्टे आवळले. हवा थांबली. सकाळी नाकावर वळ. दूधवाल्याने विचारपूस केली. बुधवार : तोंड कोरडे, जीभ टाळ्याला चिकटली. गुरुवार : पोटात हवा. वंदनेच्या वेळी ढेकर, तीन. सौ. हसल्या. शुक्रवार : मिशीमुळे मास्क नीट बसत नाही असे निदर्शनास आले. मिशीबाबत निर्णय प्रलंबित."

मिशी शनिवारी गेली. काकू म्हणाल्या, "लग्नात होते तसे दिसायला लागले," आणि काका चक्क लाजले.

यंत्र देणाऱ्या कंपनीच्या एक बाई यायच्या. पन्नाशीच्या, खांद्याला मोठी पिशवी, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, पट्टे आवळायचे नसतात. आडवं व्हायचं, हवा सुरू करायची आणि मग बसवायचा. एक बोट आत गेलं पाहिजे. आणि सवय होईपर्यंत दिवसा थोडा वेळ लावून बसत जा. पेपर वाचताना, टीव्ही बघताना." काकांनी हे सगळं उतरवून घेतलं आणि खाली त्यांची सही मागितली. बाईंनी केलीही, काय करतात?

पुढचा आठवडाभर काकू शेजारी होत्या, तोवर रात्री मास्क टिकला. काकूंना धीर आला. कळा कधीही सुरू होतील म्हणून त्या रविवारी मांजरीला गेल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यंत्राच्या मागे एक कार्ड आहे, किती वेळ चाललं ते त्यात उतरतं. दर आठवड्याला तू बघ आणि मला खरं सांग. त्यांच्यावर नाही गं माझा विश्वास, तुझ्यावर आहे."

अस्सा माझा ऊर भरून आला! तपासणं म्हणजे आपलंच काम. पुढच्या रविवारी कार्ड माझ्या लॅपटॉपला लावलं. त्या आठवड्यापुरता तक्ता काढला. रोज सात-सव्वासात तास वापर आणि श्वास अडल्याच्या नोंदी जवळजवळ शून्य. वेळ मात्र विचित्र होती. सुरुवात सकाळी दहा, शेवट संध्याकाळी पावणेसहा.

इथे कोणाही शहाण्या माणसाने काय केलं असतं? पण मी शहाणी नव्हते, मी अमेरिकेच्या क्लायंटचं काम करत होते. माझा दिवसच त्यांची वेळ आपल्या वेळेत बदलण्यात जायचा. यंत्र परदेशी, घड्याळ परदेशी, झालं! साडेअकरा तास मिळवले. साडेनऊ रात्रीचे ते सव्वापाच पहाटेचे. अगदी चपखल! मधे अर्ध्या तासाची खाच होती, ती आली रात्री एक ते दीड. म्हटलं, बाथरूमला जात असतील, वय झालं. रविवारी शून्य होतं. म्हटलं, काकूंना पोचवायच्या गडबडीत राहिलं असेल. आणि काकूंना फोन करून छाती फुगवून सांगितलं, "शंभर टक्के, काकू! तुम्ही बिनधास्त राहा."

"बरं," काकू म्हणाल्या. "पण मला इथे झोप येत नाही गं. वीसपर्यंत मोजते आणि मग आठवतं, शेजारी कोणी नाही."

पुढच्याही आठवड्यात तक्ता तसाच. मुलगी झाली, पेढे आले, काकांनी माझ्या दारात पेढ्याबरोबर कागद सरकवला, "विषय : नात." त्या आठवड्यात रविवारबरोबर शनिवारीही शून्य होतं. दुसरा शनिवार. तरी माझी ट्यूब पेटली नाही, हे मी आजही कोणाला सांगत नाही.

मंगळवारी मला ताप आला म्हणून मी घरी राहिले. बाराच्या सुमाराला गोळी मागायला खाली उतरले, तर दार उघडं. काका टेबलाशी ताठ बसलेले. इस्त्रीचा शर्ट. नाकावर मास्क, डोक्यामागून पट्टे, छातीवरून नळी खाली जमिनीवरच्या यंत्राला. आणि ते कढीपत्त्याची फाईल वाचत होते. मला पाहून त्यांनी तळहात वर केला, घड्याळाकडे बोट दाखवलं. तापात मला आधी भासच वाटला. मी पायरीवर बसले. दीड वाजता त्यांनी यंत्र बंद केलं, मास्क उतरवून टॉवेलावर ठेवला आणि म्हणाले, "बोला. काय काम होतं?"

"काका, हे काय चाललंय?"

"उपचार."

"हा रात्री लावायचा असतो!"

"सवयीसाठी दिवसा लावावा अशी बाईंची सूचना आहे. सहीनिशी. आणि तासांची अट पूर्ण होते. आपण स्वतः तपासून शेरा दिलात, शंभर टक्के."

म्हणजे दोन आठवडे हा माणूस दिवसा टक्क जागा राहून यंत्राची हजेरी भरत होता, रात्री तसाच झोपत होता, त्याचा श्वास अडत होता, कोणी ढोसायला नव्हतं, आणि मी दीडशहाणी साडेअकरा तास मिळवत बसले होते! तापाने होते त्याच्या दुप्पट मी तापले.

"काका, रोज सकाळी चौथं शील म्हणता ना? खोटं बोलणार नाही म्हणून?"

"मी एक अक्षर खोटं बोललेलो नाही. तक्त्यात वेळ छापलेली आहे. आपण वाचायला हवी होती."

हे इतकं खरं होतं की मला रडूच फुटलं. रडत रडतच मी बोलायला नको ते बोलून गेले. "तुम्हाला माहीत आहे का, काकू बारा वर्षं झोपलेल्या नाहीत? तुमचा श्वास थांबला की वीसपर्यंत मोजतात आणि ढोसतात. रोज. रात्रभर. म्हणून तुम्ही अजून आहात. त्यांनी सांगितलं नाही, तुम्ही लाजाल म्हणून. आणि आता तिकडे बाळंतिणीच्या उशाशी बसूनही मोजतायत. मी आत्ता फोन केला ना, तर तान्ह्या बाळाला टाकून धावत येतील त्या."

काकांची मान खाली गेली. मला वाटलं झोपले. पण डोळे उघडे होते. त्यांनी विचारलं, "बारा?"

"बारा."

दोनाचे सव्वादोन झाले, तरी ते जेवायला उठले नाहीत. मग खाली बघत म्हणाले, "दिवसा जमतं. रात्री दिवा घालवला की कोणीतरी तोंडावर उशी दाबतंय असं होतं. ती होती तेव्हा तिचा हात लागायचा, मग जमायचं. एवढी नोकरी केली, मोर्चे अंगावर घेतले. आता एका नळीला भितो, हे कोणाला सांगायचं?" आणि लगेच खाकरून, "हे टिपणीत घेऊ नये."

"नाही घेत," मी म्हटलं. मला त्यांची इतकी दया आली की गोळीचं विसरूनच गेले.

त्यांनी काकूंना फोन मी न सांगता स्वतः लावला. स्पीकरवर. "मी चुकलो. रात्री लावत नव्हतो. दिवसा लावत होतो. वरच्या खोलीतल्या मुलीने तक्ता वाचण्यात गफलत केली, पण मूळ जबाबदारी माझी." मग काकू म्हणाल्या, "मी निघते."

"नको. मला दहा-बारा दिवस द्या. नाही जमलं तर मीच येतो मांजरीला, यंत्र घेऊन. तिथे झोपेन." मग हळू आवाजात, "तुम्ही जाग्या असता हे मला सांगायला हवं होतं."

"तुम्ही मास्क लावून झोपायला हवं होतं," काकू म्हणाल्या. दहा-बारा दिवस मिळाले.

कंपनीच्या बाईंना बोलावलं. त्यांनी दिवसाची हकीकत ऐकली आणि मला वाटलं आता ओरडतील, तर म्हणाल्या, "सात-सात तास जागे बसलात? साहेब, एवढा सराव कोणी करत नाही. आता फक्त खुर्चीतून उठा आणि आडवे व्हा." हवा पहिल्यांदा अगदी हळू सुरू होऊन मग वाढेल असं एक बटण त्यांनी दाखवलं. मास्कची गादी एक माप लहान दिली. तोंड उघडं पडतं म्हणून हनुवटीला पट्टा दिला. पाण्याची टाकी रोज धुवा, म्हणाल्या. आणि भीती वाटली की मास्क काढून फेकू नका, दिवा लावा, चार श्वास मोजा, परत लावा.

अडचण भलतीच आली. दुपारी आडवं होऊन डुलकी घ्यायचा सराव करायचा होता, आणि दुपारी दोन म्हणजे कचेरीची वेळ! टेबलाशी बसल्या बसल्या मान पडायची ते 'विचार करणं' होतं, ते चालायचं. पण कामाच्या वेळेत चक्क पलंगावर? काका दोन दिवस फाईल पुढेमागे करत राहिले. शेवटी मीच अर्ज लिहिला, "विषय : पाळी बदल. सदर कर्मचाऱ्याची दिवसपाळी रद्द करून रात्रपाळी लावावी." त्यांनी चष्मा लावून वाचला, शुद्धलेखनाची एक चूक सुधारली आणि सही केली. त्या दिवशी दहा वाजता टेबल रिकामं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा!

पहिल्या रात्री पन्नास मिनिटं. दुसऱ्या रात्री दोन तास, मास्क सकाळी पलंगाखाली सापडला. तिसऱ्या रात्री त्यांनी दिवा चालूच ठेवला. चौथ्या रात्री चार तास. मी रोज सकाळी ऑफिसच्या बसआधी खाली जायचे आणि तक्ता बघायचे, बोट ठेवून, मोठ्याने, भारतीय वेळेत. सातव्या दिवशी दहा चाळीस ते सहा पाच, सलग. काका दारात उभे होते आणि त्यांनी मला मोटरचं पूर्ण वेळापत्रक न थांबता सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी त्यांना मिठी मारणार होते, पण तसली पद्धत नव्हती. म्हटलं, "शेरा उत्तम."

आठव्या दिवशी, शनिवारी, मी काकूंना फोन केला. "काकू, परवा सव्वासात तास, काल साडेसात तास. रात्रीचे. मी स्वतः दोन वाजता खाली जाऊन दाराला कान लावून आले. नुसती हवा चालल्याचा आवाज."

काकूंनी एवढंच विचारलं, "तू ऐकलंस?"

"या कानांनी."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला जरा रागच आला, एक शाब्बास नाही की काही नाही.

रविवारी साडेअकराला आम्ही चहा घेत होतो तेव्हा मांजरीहून मुलीचा फोन आला. आवाज घाबराघुबरा, मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता. "बाबा, आई उठत नाहीये. काल संध्याकाळी साडेसातला आडवी झाली ती अजून तशीच. बाळ रात्री तीनदा रडलं, आईच्या कानाशी रडलं, तरी उठली नाही. मी हलवलं तर कूस बदलली फक्त. डॉक्टरांना बोलावू का?"

काकांनी हातातली बशी खाली ठेवली.

"श्वास चालू आहे?"

"चालू आहे काय, घोरतेय! आई कधी घोरत नाही, बाबा."

काका खुर्चीत मागे टेकले. डोळे पुसावेत की नाही असं करत शेवटी पुसलेच, माझ्यादेखत.

"हलवू नकोस तिला. बाळ तू घे," ते म्हणाले. "बारा वर्षांची रजा साठली आहे तिची. मंजूर केलीय मी."